अज्ञान, सज्ञान आणि मधली दोन वर्षं

गेल्या महिन्यात पुतण्याबरोबर सातबाऱ्याच्या कामासाठी तालुक्याला जावं लागलं. माझा चुलतभाऊ अकाली गेला तेव्हा हा पोर पाच वर्षांचा होता. त्यामुळे सातबाऱ्यावर त्याच्या नावापुढे 'अ.पा.क.' असा शेरा आणि पुढे आईचं नाव. अ.पा.क. म्हणजे 'अज्ञान पालनकर्ता'. ज्यांच्या घरात शेती आहे त्यांना ही तीन अक्षरं नवीन नाहीत. आता पोराला अठरा पूर्ण झाली. शेरा कमी करायचा तर अर्ज, वयाचा पुरावा, नोटीस, मग फेरफार. दोन चकरा झाल्या, तिसरी व्हायची आहे.

कायद्याची मराठी गमतीची असते. अठरा वर्षांच्या आतलं मूल 'अज्ञान', आणि वाढदिवसाच्या दिवशी ते 'सज्ञान'. आदल्या रात्री झोपताना अज्ञान आणि सकाळी चहाला सज्ञान! वर्गात हे सांगितलं की मुलं हसायची. मीही हसायचो.

पण त्या दिवशी कचेरीच्या बाकावर बसल्या बसल्या मला माझा एक जुना विद्यार्थी आठवला आणि हसू आलं नाही. ती गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं लिहिता येणार नाही.

साल २००३. मी नववीला इतिहास आणि मराठी शिकवत होतो. हा मुलगा पहिल्या पाचांतला. अक्षर मोत्यासारखं. दिवाळीनंतर त्याचे पेपर कोरे यायला लागले. पूर्ण कोरे नव्हे. पहिलं उत्तर लिहिलेलं, खोडलेलं, पुन्हा लिहिलेलं, पुन्हा खोडलेलं... कागद फाटेपर्यंत. मधल्या सुट्टीत तो नळावर उभा असायचा तो घंटा झाली तरी तिथेच. हातांची सालं निघाली होती. गावात त्याला 'मंत्रचळ' म्हणतात, आणि म्हणताना हसतात. मी त्याच्या आईवडिलांना बोलावून घेतलं. वडील म्हणाले, "सर, दोन फटके द्या, सरळ येईल." आई काहीच बोलली नाही. पण दुसऱ्या दिवशी ती एकटी आली आणि म्हणाली, "कुठे दाखवायचं ते सांगा."

एका डॉक्टर मित्राला विचारून मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयाचा बालमार्गदर्शन विभाग शोधला. एस.टी.ने अडीच तास. दर पंधरा दिवसांनी गुरुवारी आई त्याला घेऊन जायची. सुरुवातीला दोनतीनदा मीही गेलो. तिथे एक मानसतज्ज्ञ बाई होत्या. त्या त्याच्याशी आधी क्रिकेटवर बोलायच्या, मग हात धुण्यावर. आईला वेगळं बसवून घरी काय करायचं, काय नाही करायचं ते सांगायच्या. मलाही चिठ्ठी यायची, "खाडाखोड केली तरी वेळ वाढवून देऊ नका, पण रागावू नका." दीड वर्षात मुलगा बराच सावरला. दहावीला बहात्तर टक्के पडले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर 'वर्तणूक : चांगली' असं लिहिलं होतं. दाखला मीच त्याच्या हातात दिला, पाठीवर थाप मारली, आणि माझ्या मते माझं काम संपलं.

पुढचं मला २००९ साली, निवृत्त झाल्यावर, बसस्थानकावर त्याच्या आईकडून कळलं. ते शेवटी सांगतो. आधी थोडा इतिहास, कारण हा प्रश्न त्या एका मुलाचा नाही, आणि तो नुसता वैद्यकाचाही नाही.

*

अठरा हा आकडा आला कुठून?

जुन्या हिंदू कायद्यात मुलगा साधारण सोळाव्या वर्षाच्या सुमारास व्यवहाराला लायक धरला जाई. बंगालात एक हिशेब, इतरत्र दुसरा. सोळा वर्षांच्या मुलाशी मित्रासारखं वागावं असं सांगणारं सुभाषित आपण सगळ्यांनी शाळेत पाठ केलेलं आहे. त्यात बापाने बाजूला व्हावं असं म्हटलेलं नाही, नातं बदलावं असं म्हटलं आहे. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागेल.

इंग्रजांच्या राज्यात १८७५ साली 'इंडियन मेजॉरिटी अ‍ॅक्ट' झाला आणि त्याने अठरा वर्षं ही सज्ञानतेची रेघ मारली. कोर्टाने पालक नेमलेला असेल तर एकवीस. (ही एकवीसची सवलत १९९९ साली काढून टाकली.) कायद्याची गरज कशासाठी होती? करारमदार, कर्ज, जमीनजुमला यांसाठी. सही कोणाची चालेल आणि कोणाची नाही, एवढाच प्रश्न होता. लग्न, घटस्फोट, दत्तक या गोष्टीसुद्धा त्या कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवल्या. मनाच्या आजाराचा तर संबंधच नव्हता.

खुद्द इंग्लंडात सज्ञानतेचं वय एकवीस होतं. ते १९६९ च्या कायद्याने अठरावर आलं. आणि त्याच कायद्यात सोळा वर्षांच्या मुलाला स्वतःच्या औषधोपचाराला संमती देण्याचा अधिकार मिळाला. म्हणजे घर विकायला अठरा, पण ऑपरेशनला हो म्हणायला सोळा!

आपल्याकडेही अशाच रेघा. मतदानाचं वय एकवीसवरून अठरावर आलं १९८९ साली. १९८६ च्या बालन्याय कायद्यात मुलगा सोळापर्यंत बालक आणि मुलगी अठरापर्यंत. २००० साली नवा कायदा झाला तेव्हा दोघांनाही अठरा. आणि १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात काय होतं? सरकारने सोळा वर्षांच्या आतल्या रुग्णांसाठी वेगळी मनोरुग्णालयं काढावीत, अशी तरतूद होती. पालकांच्या अर्जावर दाखल होणाऱ्या 'अज्ञान' रुग्णाचं वय मात्र अठरापर्यंत. म्हणजे सोळा ते अठरामधला मुलगा सहीसाठी लहान आणि खाटेसाठी मोठा.

हे सगळं एवढ्यासाठी सांगतो आहे, की यातली एकही रेघ आजाराकडे बघून मारलेली नाही. कोणी जमिनीकडे बघून मारली, कोणी मतपेटीकडे, कोणी तुरुंगाकडे. आणि दवाखान्यांनी ती आयती उचलली.

*

आता दुसरी बाजू. मोठ्यांचे मानसोपचार आणि मुलांचे मानसोपचार ही एकाच घरातली दोन दालनं आहेत असं आपल्याला वाटतं. इतिहास तसं सांगत नाही. ती दोन वेगळ्या गावांत बांधलेली दोन घरं आहेत.

मोठ्यांचं घर म्हणजे वेड्यांचं इस्पितळ. आपल्याकडे १८५८ साली त्याचा कायदा झाला, मग १९१२ चा 'इंडियन ल्युनसी अ‍ॅक्ट'. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी ही नावं आपल्या बोलण्यात कशी आली हे मराठी माणसाला सांगायला नको. "याला ठाण्याला पाठवा" असं आपण चेष्टेत म्हणत आलो. भिंत, कुलूप, मॅजिस्ट्रेटचा हुकूम. समाजाला त्रास होऊ नये म्हणून माणूस आत ठेवायचा, हा त्या घराचा पाया. पुढे औषधं आली, दृष्टी बदलली, दारं उघडली, पण पाया तोच राहिला : ज्याचा आजार गंभीर, त्याच्यासाठी ही जागा.

मुलांचं घर वेगळ्याच ठिकाणी उभं राहिलं. १८९९ साली शिकागोत मुलांसाठी वेगळं न्यायालय सुरू झालं. न्यायाधीशांसमोर येणारी मुलं गुन्हा का करतात हे शोधण्यासाठी तिथेच १९०९ साली विल्यम हीली या डॉक्टरांनी एक संस्था चालवायला घेतली. यातून 'चाइल्ड गायडन्स क्लिनिक' ही कल्पना पुढे आली. एक मानसोपचारतज्ज्ञ, एक मानसशास्त्रज्ञ आणि एक सामाजिक कार्यकर्ता अशा तिघांनी मिळून मुलाकडे बघायचं. मुलाकडे, म्हणजे त्याच्या आईकडे, बापाकडे, शाळेकडे आणि गल्लीकडेही. १९२७ साली हे पूर्व लंडनमध्ये पोचलं.

आणि दहा वर्षांत ते मुंबईला आलं! क्लिफर्ड मॅन्शर्ट नावाचे अमेरिकन मिशनरी नागपाड्यात वस्तीचं काम करत होते. त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली 'सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क' सुरू झालं. आज आपण ज्याला टाटा इन्स्टिट्यूट किंवा 'टिस' म्हणतो तेच. या संस्थेने १९३७ साली मुंबईत बालमार्गदर्शन केंद्र काढलं. भारतातलं हे पहिलं. मला शिक्षक म्हणून याचं फार अप्रूप वाटतं. स्वातंत्र्याला दहा वर्षं अवकाश होता, आणि मुंबईत कोणी तरी एका अबोल किंवा खोडकर मुलासमोर बसून 'हा असा का वागतो' याचा शांतपणे विचार करत होतं.

तर असं आहे. एक घर कुलपाच्या पायावर, दुसरं शाळा आणि संसाराच्या पायावर. एकात विचारतात, "तुमचा आजार काय?" दुसऱ्यात विचारतात, "घरी कोण कोण असतं?" एकात रुग्ण एकटा आत जातो, दुसऱ्यात आईला खुर्ची असते. मुलगा अठरा वर्षांचा झाला की त्याला या घरातून त्या घरात जायचं असतं. आणि मधला रस्ता कोणीच बांधलेला नाही, कारण बांधणाऱ्यांनी एकमेकांची घरं पाहिलीच नव्हती.

*

बरं, आजार तरी या रेघेच्या अलीकडे किंवा पलीकडे शहाण्यासारखा बसतो का? तोही नाही.

१८७१ साली एवाल्ड हेकर या जर्मन डॉक्टरांनी तरुणपणी सुरू होणाऱ्या एका मनोविकाराचं वर्णन केलं आणि त्याला ग्रीकांच्या तारुण्यदेवतेच्या, हीबीच्या, नावावरून 'हेबेफ्रेनिया' असं नाव दिलं. पुढे १८९० च्या दशकात एमिल क्रेपेलिन यांनी 'डिमेन्शिया प्रीकॉक्स' ही संज्ञा रूढ केली. त्यातल्या 'प्रीकॉक्स'चा अर्थच 'लवकर', 'कोवळ्या वयात'. ज्याला आज आपण स्किझोफ्रेनिया म्हणतो तोच हा, थोड्याफार फरकाने. म्हणजे मोठ्यांच्या घराचा जो सर्वात जुना आणि अवघड पाहुणा, तो पोरवयातच दार ठोठावतो हे दीडशे वर्षांपूर्वीच्या डॉक्टरांना ठाऊक होतं.

२००५ साली अमेरिकेत रोनाल्ड केसलर आणि सहकाऱ्यांनी मोठ्या पाहणीवरून दाखवलं, की आयुष्यभरातल्या मानसिक विकारांपैकी निम्मे चौदाव्या वर्षापर्यंत आणि पाऊण चोविसाव्या वर्षापर्यंत सुरू झालेले असतात. चौदा आणि चोवीस. आता यांच्या मधोमध अठराची रेघ मारून बघा. पूर आलेला असताना नदीच्या ऐन मध्यावर नाव बदलायला सांगण्यासारखं आहे हे.

*

या फटीकडे नीट, मोजमाप घेऊन पाहिलं ते ब्रिटनमध्ये. तिथे सरकारी आरोग्यसेवा, प्रत्येकाची नोंद, त्यामुळे कोण कुठे हरवलं ते शोधता येतं. मुलांची सेवा कुठे सोळाला संपायची, कुठे अठराला. स्वरन सिंग या भारतीय वंशाच्या मानसोपचारतज्ज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडन आणि वेस्ट मिडलँड्स भागात एक अभ्यास केला. त्याचं नाव 'ट्रॅक', आणि निष्कर्ष आले २०१० साली.

एका वर्षात ही रेघ ओलांडणारे १५४ तरुण त्यांनी शोधले. त्यातले ९० मोठ्यांच्या सेवेत पोचले. उरलेल्या ६४ जणांना एक तर पाठवलंच गेलं नाही, किंवा पाठवल्यावर पलीकडच्यांनी घेतलं नाही. चांगलं हस्तांतर कशाला म्हणायचं याच्या त्यांनी चार कसोट्या ठेवल्या होत्या. आधीपासून आखणी, कागदपत्रं आणि माहिती नीट पोचणं, काही काळ दोन्ही बाजूंनी मिळून काम करणं, आणि गेल्यानंतर उपचार चालू राहणं. मागितलं काही फार नव्हतं. मुलीची पाठवणी करताना आपण याहून जास्त काळजी घेतो. पण जे पलीकडे पोचले त्यांच्यातही या चारही गोष्टी लाभलेले पाच टक्क्यांहून कमी निघाले.

आणि कोण पोचलं, कोण राहिलं? ज्यांचा आजार गंभीर, जे आधी दाखल झालेले, ज्यांना गोळ्या चालू, ते जास्त करून पोचले. वाढीच्या वयातल्या अडचणी असलेले, म्हणजे स्वमग्नता, अतिचंचलता वगैरे, आणि भीती, चिंता, मंत्रचळ असे भावनिक आजार असलेले अधिक मागे राहिले. वर सांगितलेला पाया आठवा : ज्याचा आजार गंभीर, त्याच्यासाठी ही जागा. 'तुझं तेवढं काही नाही' असं म्हटलं, की मुलगा घरी. मला हे वाचताना नळावर उभा राहिलेला माझा विद्यार्थी दिसत होता.

नंतर गोष्टी हलल्या. २०१६ साली तिथल्या 'नाइस' या संस्थेने मार्गदर्शक सूचना काढल्या. मला त्यातलं शहाणपण आवडलं, कारण ते कोणाही जाणत्या आईला सुचेल असं आहे. तयारी तेराव्या-चौदाव्या वर्षापासूनच सुरू करा. प्रत्येक मुलासाठी नाव घेऊन सांगता येईल असा एक माणूस ठरवा, जो जाण्याआधी किमान सहा महिने आणि गेल्यानंतर किमान सहा महिने त्याच्याबरोबर असेल. पलीकडच्या डॉक्टरांची गाठ आधीच घालून द्या. आणि मुलगा ठरलेल्या दिवशी आला नाही तर नाव कापू नका, तो का आला नाही ते विचारा.

ऑस्ट्रेलियाने निराळी वाट धरली. पॅट्रिक मॅकगॉरी आणि इतरांच्या प्रयत्नांतून तिथे २००६ साली 'हेडस्पेस' ही केंद्रं आली, बारा ते पंचवीस वयासाठी. रेघच पुढे सरकवली! बर्मिंगहॅममध्येही २०१६ पासून पंचविशीपर्यंतची एकत्र सेवा उभी केली गेली. युरोपातल्या आठ देशांत २०१४ ते २०१९ या काळात 'माइलस्टोन' नावाचा मोठा अभ्यास झाला. त्यात नीट आखून केलेल्या हस्तांतराचा फायदा दिसला. थोडा, पण दिसला.

पंचवीसला रेघ नेली म्हणून प्रश्न मिटला का? माझं शिक्षकी मन म्हणतं, नाही. रेघ कुठेही मारा, तिथे कोणी तरी उभं पाहिजे.

*

आता आपल्याकडे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ पासून लागू झाला. रुग्णाचे हक्क पहिल्यांदाच इतक्या स्पष्टपणे लिहिलेले. मुलांसाठी वेगळी सेवा असावी, दाखल मुलांना मोठ्यांपासून वेगळं ठेवावं, हे त्यात आहे. आणि अठरा पूर्ण होण्याबद्दल एक कलम आहे. अज्ञान म्हणून दाखल असलेला रुग्ण तिथे असतानाच अठरा वर्षांचा झाला, तर डॉक्टरांनी त्याची नोंद 'स्वतंत्र रुग्ण' म्हणून करायची. पालकाने मुलासाठी आगाऊ निर्देश लिहून ठेवले असतील तर तेही सज्ञान होईपर्यंतच चालतात. त्यानंतर आपला प्रतिनिधी कोण हे त्याने स्वतः लिहून द्यायचं. नेमला नसेल तर नातेवाईकाचा क्रम लागतो.

मी या कायद्याच्या विरोधात नाही. स्वतःच्या उपचारांबद्दल स्वतः बोलण्याचा हक्क मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि ज्या देशात 'दोन फटके द्या' म्हणणारे बाप आहेत तिथे तर फारच मोठी. पण बघा, कायदा रुग्णाला स्वतंत्र करतो एका दिवसात. स्वतंत्र व्हायला शिकवायचं कोणी, त्याला किती दिवस लागतात, हे तिथे लिहिलेलं नाही. ते कायद्याचं कामही नसेल.

बाकी रेघा चालूच आहेत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम अठरापर्यंत, किशोरांचा कार्यक्रम दहा ते एकोणीस, बालगृहातून बाहेर पडणाऱ्यांची अनुरक्षण सेवा एकवीसपर्यंत. स्वमग्न किंवा मतिमंद मुलांच्या आईवडिलांची आणखी एक अडचण. मुलगा अठराचा झाला की कायद्याने आईबाप त्याचे आपोआप पालक राहत नाहीत. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखाली जिल्हास्तरीय समितीकडे अर्ज करून पालकत्व घ्यावं लागतं. हे अनेकांना बँकेत खातं उघडायला गेल्यावर कळतं.

२०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य पाहणीत तेरा ते सतरा वयाच्या मुलांत मानसिक विकारांचं प्रमाण ७.३ टक्के आढळलं. पन्नास मुलांच्या वर्गात तीन-चार. यातल्या बहुतेकांना मुलांचं घरच सापडत नाही, तिथून मोठ्यांच्या घरात जाण्याचा प्रश्न तर पुढचा. शिवाय आपल्या बऱ्याच गावांत एकच मानसोपचारतज्ज्ञ लहान-मोठे सगळे बघतात. हे एका अर्थी बरंच आहे, तिथे डॉक्टर बदलत नाही. पण डॉक्टर तोच राहिला तरी मुलगा गाव बदलतो. बारावी झाली की कॉलेज, होस्टेल, नोकरी. आपल्याकडे फट बहुधा तिथे पडते. दवाखान्याच्या दोन दारांमध्ये नाही, तर शाळेचा दाखला आणि होस्टेलच्या खोलीमध्ये.

*

आता बसस्थानकावरची गोष्ट.

२००७ साली, बारावीच्या वर्षात, माझ्या त्या विद्यार्थ्याला अठरा पूर्ण झाली. बालविभागातल्या त्या बाई तोवर बदलून गेल्या होत्या. पुढच्या वेळेपासून मोठ्यांच्या विभागात जा म्हणून त्याला चिठ्ठी मिळाली, दोन ओळींची. जुनी फाइल बालविभागातच राहिली. नव्या विभागात लांब रांग. बाकावर दोन्हीकडे मोठी माणसं, काही स्वतःशी बोलणारी. नंबर आल्यावर आईला बाहेर थांबायला सांगितलं. आत त्याने नववीपासूनची सगळी हकीकत पुन्हा पहिल्यापासून सांगितली. पुढच्या खेपेला डॉक्टर वेगळे. पुन्हा पहिल्यापासून. तिसऱ्या खेपेला तो एस.टी.त बसला, शहरात उतरला, आणि दिवसभर बागेत बसून संध्याकाळी परत आला. असं बरेच महिने चाललं. घरी वाटत होतं उपचार चालू आहेत.

"सर, त्याने आम्हाला सांगितलंच नाही हो," आई म्हणाली. "आणि आम्हाला तरी कुठे आत बोलावत होते?"

डिप्लोमाचं पहिलं वर्ष बुडालं, मग दुसरं. खोलीतून बाहेर येईना. दोन वर्षं गेली. शेवटी जवळच्या गावातल्या एका डॉक्टरांकडे आईनेच त्याला नेलं, तिथून गाडी हळूहळू रुळावर आली. आज तो पस्तिशी ओलांडलेला गृहस्थ आहे. छापखान्यात काम करतो, लग्न झालं आहे. मंत्रचळ अधूनमधून डोकं वर काढतो, तो त्याला ओळखतो.

हे लिहिण्याआधी मी त्याला फोन करून परवानगी विचारली. म्हणाला, "लिहा सर, नाव नका घालू." मग जरा थांबून म्हणाला, "रांगेचं काही नाही सर. रांग लहानपणीही होती. पण तिथे मला कोणी ओळखत नव्हतं, आणि ओळख करून द्यायला कोणी आलं नव्हतं."

त्या रुग्णालयाला दोष देऊन मी मोकळा होऊ शकतो. रांगेतल्या डॉक्टरांना दिवसाला किती रुग्ण बघावे लागतात हे मी पाहिलं आहे. पण दाखला देताना मी तरी काय केलं? त्याच्या हातांची सालं मी पाहिली होती, त्या बाईंच्या चिठ्ठ्या माझ्या टेबलाच्या खणात होत्या. त्या चिठ्ठ्या त्याला दिल्या असत्या, एक पोस्टकार्ड टाकलं असतं, "गुरुवारी जातोस ना?" असं... पाच रुपयांचं काम नव्हतं. मुलगा माझ्या हजेरीपटावरून उतरला आणि माझ्या मनावरूनही उतरला. फाइल बालविभागात राहिली म्हणून मी चिडलो होतो, पण माझ्या खणातल्या चिठ्ठ्या कुठे हलल्या होत्या?

म्हणून हे वाचणाऱ्या आईवडिलांना आणि शिक्षकांना, एका म्हाताऱ्या मास्तरची सूचना समजा. मुलाचे उपचार चालू असतील तर सोळाव्या वर्षीच डॉक्टरांना विचारा, "पुढे कोण बघणार?" आजार काय, कधीपासून, कुठली औषधं लागू पडली, कुठली नाही, हे एका कागदावर लिहून घ्या आणि तो कागद मुलाच्या हातात द्या. तो त्याचा आहे. डॉक्टरांशी थोडा वेळ एकट्याने बोलायची सवय आधीपासून लावा, म्हणजे तो दिवस अचानक येणार नाही. नव्या जागी पहिल्या दोनतीन वेळा बरोबर जा, आत बोलावलं नाही तरी बाहेर बसा. होस्टेलला जाणार असेल तर तिथला डॉक्टर गादीच्या आधी शोधा. अडलंच तर २०२२ पासून 'टेलि-मानस'चा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, दिवसरात्र चालतो. आणि घरच्यांनी विचारणं सोडू नका. सोळाव्या वर्षी मित्रासारखं वागा असं सुभाषितकाराने म्हटलं आहे. मित्र चौकशी करतोच की.

पुतण्याच्या सातबाऱ्यासाठी पुढच्या सोमवारी तिसरी चक्कर आहे. काम होईल. जमिनीच्या तुकड्यावरचा मालक अज्ञानाचा सज्ञान होतो तेव्हा सरकारदरबारी फेरफार होतो, जुन्या नोंदीचा नंबर नव्या नोंदीत लिहिला जातो, कोणाची हरकत आहे का ते विचारलं जातं. दीड एकर जिरायतीसाठी आपण एवढं सगळं करतो.

तुमच्या ओळखीत असं कोणी मूल सतराव्या वर्षात असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या घरी एक चक्कर मारून या.